वाद्या पुसू नकोस

शहादा

चि. मनू,


तुझे दोन्ही फोटो मिळाले. मोठे करून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि मग जी चिडचिड सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. घरच्या ग्रुपवर लिहिलंस, ‘इंग्लंडच्या रानातून’. मला मात्र वेगळं कळवलंस की कॅमेरा क्लबच्या हॉलमध्ये शिकारी पक्षी पाळणारे एक गृहस्थ व्याख्यानाला आले होते, फोटो त्यांच्या हातावरच्या पक्ष्यांचे आहेत आणि पायांतल्या चामड्याच्या वाद्या तू कॉम्प्युटरवर पुसल्यास. वर विचारतेस, ‘मावशी, नॉइज फार आलाय, काय करू?’

आधी तेवढं सांगून टाकते. ट्यूबलाइटमध्ये आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला भिऊ नकोस. अंधारा फोटो मागाहून उजळायला गेलीस की नॉइज जास्त दिसतो. बसलेल्या पक्ष्याला शटर १/२५० पुरे. तुझ्या पहिल्या फोटोतलं गव्हाणी घुबड मान गर्रकन वळवतं, तेव्हा एकामागून एक चार-पाच फोटो काढायचे. फोकस जवळच्या डोळ्यावर. दुधी पापणी आडवी आली असेल तर तो फोटो काढून टाक. मागे खुर्च्या आणि लोकांची डोकी येणार नाहीत अशी जागा धर. फ्लॅश नको, पक्षी बिचकतो. झालं तुझं नॉइजचं.

आता वाद्यांचं. त्या माणसावर माझा राग नाही, हे आधी ध्यानात घे. पक्ष्याचं रोज वजन करायचं, थोड्याशा फरकावरून आज तो उडेल की रुसेल हे ओळखायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आपल्याकडेही ही विद्या होती. कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने त्यावर संस्कृतात ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिलं. भावनगरचे धर्मकुमारसिंहजी ससाणे बाळगत आणि पक्ष्यांचे जाणते अभ्यासकही होते. २०१० साली युनेस्कोने ही कला वारशाच्या यादीत घेतली. मग लपवायचं काय त्यात? वाद्या पुसल्यास, त्यांच्याबरोबर तो माणूस पुसला गेला आणि त्याची मेहनतही.

आणि तुझा तो दुसरा पक्षी, तांबूस खांद्यांचा! अगं, तो हॅरिस हॉक. त्याचं मूळ घर अमेरिकेत. तिकडच्या कोरड्या मुलखात हे पक्षी टोळीने शिकार करतात. शिकवायला सोपा म्हणून इंग्लंडमध्ये पाळणाऱ्यांचा लाडका. त्याला ‘इंग्लंडच्या रानातून’ म्हणतेस? तोरणमाळच्या वाटेवर तुझ्या हातात पहिली दुर्बीण मी उगीच दिली का?

खोट्या पाटीने काय होतं हे शहाद्यात राहणारीला सांगावं लागत नाही. आमच्या खानदेशातल्या रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा, डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने गोळा केलेला. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना लांबवला, त्याचं रूप पालटलं आणि आपण तो १९१४ साली गुजरातेत मिळवला अशी चिठ्ठी लावली. एवढीशी चिठ्ठी! ती खरी मानून शोधणारे भलतीकडे गेले, पिंगळा काही दिसेना, तो संपलाच असं लोक धरून चालले. पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासून लबाडी ओळखली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह आमच्या शहाद्याजवळ तो जिवंत पाहिला. एकशे तेरा वर्षं तो इथेच होता गं, आमच्या सागाच्या रानात.

तू म्हणशील, मावशी कुठल्या कुठे गेली, मी फक्त दोन फोटो पाठवले. पण फोटो हा पुरावाच असतो. उद्या कोणी तो उचलेल, कुठल्या तरी नोंदीला जोडेल. क्लबच्या स्पर्धेत वन्यजीव विभागात पाठवायचं तर मनातसुद्धा आणू नकोस. २००९ साली लंडनच्या मोठ्या स्पर्धेत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि ते बक्षीस काढून घेतलं गेलं.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. शेजारणीच्या नातवाने तुझं गव्हाणी घुबड पाहिलं आणि आईच्या मागे लागलाय, आपणही आणूया. तू वाद्या ठेवल्या असत्यास तर निदान त्याला समजावता आलं असतं की हा पिंजऱ्यात वाढलेला, शिकवलेला पक्षी, तिकडच्या कायद्यात बसतो. इथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, घुबड पाळणं गुन्हा आहे, तरी चोरून विकतातच. दिवाळी आली की जादूटोण्यासाठी घुबडं मारली जातात ते निराळंच. गोंडस चेहरा पाहून गिऱ्हाईक तयार होतं, आणि विकणारा ते पिल्लू आमच्याच एखाद्या झाडाच्या ढोलीतून काढतो. तुझ्या फोटोने हे होईल असं म्हणत नाही. पण मला झोप लागत नाही, हे खरं.

त्या माणसाला पुन्हा बोलावणार आहेत ना? मग रानात कधी मिळणार नाही ते टिप. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या पिसाची दातेरी कड काढ. त्याचं उडणं ऐकू न येण्यात तिचाही वाटा असतो. ससाणा असेल तर चोचीच्या कडेचा दात काढ. त्यानेच तो भक्ष्याची मान मोडतो. हातमोजा काढ, वाद्या काढ, घुंगरू काढ, त्या माणसाची बोटं काढ. ग्रुपवर आजच दुरुस्ती टाक, चार शब्द पुरेत: पाळलेला पक्षी, क्लबचा हॉल. मूळ फोटो डिलीट केले नसतील तर ते मला पाठव. केले असतील तर फोन कर, पण रात्री दहानंतर नको.

तुझी
मावशी

ता. क. त्या घुबडाचं वजन किती, हे त्यांना विचारलंस का? विचारलं नसशील. विचार.