गॅरेजची वीज आणि खटक्याची जागा

सरकारी बंगल्यात राहणाऱ्या माणसाला घरातील विजेच्या तारांचा विचार सहसा करावा लागत नाही. दिवा गेला की तक्रारवहीत नोंद करावयाची, मिस्त्री येईपर्यंत थोडी कुरकुर करावयाची आणि तो आल्यावर त्याला चहा विचारावयाचा, एवढाच आपला त्या विषयाशी संबंध. माझी नोकरीतील बहुतेक वर्षे याच सुखात गेली. 2024 च्या मे महिन्यातील एका रात्री मात्र ते सुख संपले.

तेव्हा माझी नेमणूक जबलपूरला होती. बंगला जुना, ऐसपैस. मागील अंगणाच्या टोकाला, मुख्य घरापासून सुमारे 35 मीटरवर गॅरेज, आणि त्याला लागून आउटहाऊसच्या दोन खोल्या. तेथे आमचे माळी, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि नात असे पाच जणांचे कुटुंब राहत असे. गॅरेजला आणि या दोन खोल्यांना मिळून वीज येई ती आमच्या मागच्या व्हरांड्याच्या दिव्यांच्या वाहिनीवरून काढलेल्या एका तारेने. तार दीड चौ. मिमी जाडीची, म्हणजे दिवे-पंख्यांपुरती. तिचा एमसीबी आमच्या कोठीच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या आड. कोठीला कुलूप, आणि किल्ली सौ.च्या जुडग्यात.

त्या एप्रिलमध्ये आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली. तिच्यासोबत घरगुती प्लगला लावण्याचा चार्जर मिळतो. तो साधारण 14-15 अँपिअर वीज ओढतो, म्हणजे सव्वातीन किलोवॉटच्या आसपास. आकडा ऐकून मी मनाशी म्हटले, की गीझर दोन किलोवॉटचा असतो, त्याहून हे थोडे अधिक, इतकेच. येथेच माझे अर्थशास्त्र चुकले. गीझर वीस मिनिटांत थांबतो, मोटार आठ-नऊ तास अखंड वीज घेत राहते. मी मिस्त्रीला सांगून गॅरेजमधल्या जुन्या तारेवरच 15 अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले आणि रोज रात्री प्लग लावून निर्धास्त झोपू लागलो.

पुढे मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. दीड चौ. मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 13 ओहम. जाण्या-येण्याची मिळून 70 मीटर तार, म्हणजे 0.9 ओहमच्या वर. तीतून 15 अँपिअर वाहिले की वाटेत 14 व्होल्ट गळतात आणि 200 वॅटच्या आसपास उष्णता तारेत आणि सांध्यांत मुरते. सांधा सैल असेल तर त्या एका ठिकाणी आणखी.

सांधा सैल होता. मध्यरात्र उलटल्यावर माळ्यांच्या सुनेला जळक्या रबराचा वास आला. गॅरेजमधील सॉकेट वितळू लागले होते आणि दोन हातांवर गवत कापण्याच्या यंत्रासाठी ठेवलेला पेट्रोलचा डबा होता. मुलगा धावत येऊन आमचे मागचे दार ठोठावू लागला. आमच्याकडे कूलरची घरघर, दारे-खिडक्या बंद. आम्हाला जाग यायला दहा मिनिटे तरी लागली असावीत. तेवढ्या वेळात माळ्यांनी पायांत रबरी चपला घालून, कोरड्या बांबूने प्लग झोडपून बाहेर पाडला. मी किल्ल्या शोधत कोठीपर्यंत पोहोचलो तेव्हा सगळे संपले होते. सकाळी मी त्यांना जरा रागानेच म्हणालो, की असे धाडस करावयाचे नसते, आधी मेन बंद करायला हवा होता. ते खाली पाहत म्हणाले, "साहब, चाबी तो अंदर थी।"

आता वाचक विचारतील, की एमसीबी पडला कसा नाही? तो पडू नये अशी व्यवस्था मीच केली होती. जानेवारी 2023 मध्ये थंडी कडाक्याची पडली आणि आउटहाऊसमध्ये हीटर लागला की 10 अँपिअरचा एमसीबी पडू लागला. रोज संध्याकाळी माळी दाराशी येत, मी कोठी उघडून खटका वर करी. चौथ्या-पाचव्या दिवशी मिस्त्रीने सुचवले, "साहब, बड़ा लगा दें?" मी "लगा दो" म्हणालो. त्याने 32 अँपिअरचा लावला. तक्रार बंद झाली, आणि मी ती सुटली असे समजलो. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत विजेची कामे परवानाधारक ठेकेदारानेच करावीत असा नियम होता. त्यातून दिवे, पंखे, फ्यूज, खटके बदलण्याला सूट होती, परंतु जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणार नसेल तरच. नियम वाचणे हा माझा व्यवसाय आहे. तरी 10 च्या जागी 32 हा "बदल" आहे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. एमसीबी तारेचे रक्षण करतो. तार जितके सोसू शकते त्याहून मोठा एमसीबी लावला की तार जळेल आणि खटका शांतपणे पाहत राहील.

नव्या कामासाठी मी रीतसर अर्ज केला. बंगला सरकारचा, मोटार माझी, त्यामुळे खर्च मी करावयाचा आणि झालेली जोडणी सरकारची, अशी परवानगी आली. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागला. ही कागदपत्रे सहा आठवडे फिरली. त्यात नवल नाही आणि त्याविषयी माझी तक्रारही नाही.

अंदाजपत्रक घेऊन आलेले कनिष्ठ अभियंता तरुण आणि कामसू होते. कोठीतील फलकातून एक स्वतंत्र वाहिनी काढावी, 20 अँपिअरचा एमसीबी, चार चौ. मिमीची तार, गॅरेजमध्ये औद्योगिक धर्तीचे सॉकेट, असा त्यांचा प्रस्ताव होता. स्वस्त आणि हिशेबात निर्दोष. तारेत पाच व्होल्टच गळणार होते. त्यांच्या तक्त्यात लांबी, जाडी, दर, मजुरी असे सगळे रकाने होते. फलकापर्यंत कोण पोहोचणार, याला रकाना नव्हता. मी म्हणालो, मला गॅरेजच्या बाजूला वेगळा फलक हवा. त्यांनी विनयाने विचारले, "सर, एका मोटारीसाठी?" मी त्यांना त्या रात्रीची हकीकत सांगितली. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी नवा कागद काढला.

त्यांनी प्रथम जागा दाखवली ती गॅरेजच्या आतील मागच्या भिंतीवर. पाऊस नाही, ऊन नाही, काम नेटके. परंतु गॅरेजला कुलूप असते, आणि मोटार आत असताना मागच्या भिंतीशी जाण्यास आडवे व्हावे लागते. दुसरी जागा गॅरेजची पश्चिमेकडील बाहेरची भिंत. तेथे मे महिन्याचे ऊन थेट पडते. घरगुती एमसीबीचे मूल्यमापन 30 अंश तापमान धरून केलेले असते. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तो ठरलेल्या अँपिअरच्या आधीच पडू लागतो, आणि मग पुन्हा कोणीतरी "बड़ा लगा दें?" म्हणणार. तिसरी सोयीची जागा आउटहाऊसच्या ओट्यावर होती, पण तिच्याखालीच त्या कुटुंबाची चूल आणि मोरी. शेगडी किंवा सिंक यांच्या वर फलक बसवू नये, असे भारतीय मानकांतही सांगितले आहे. शेवटी गॅरेज आणि आउटहाऊस यांच्यामधील छपराखालच्या बोळाची भिंत ठरली. ती सावलीत, कोरडी, आणि दोन्हीकडून चार पावलांवर. उंची माळ्यांच्या पत्नीच्या खांद्याएवढी, कारण घरात दिवसभर असणाऱ्या त्याच.

पेटीला कुलूप असावे की नाही, यावर माझ्या एका सहकाऱ्याशी बराच वाद झाला. खटका नोकरांच्या हाती दिला तर ते वाटेल ते जोडतील, हा त्यांचा मुद्दा. मी म्हणालो, वाटेल ते जोडायला खटका लागत नाही, त्यांनी ते आमच्या बंद कोठीच्या काळातही जोडलेच होते. पेटीला नुसती कडी लावली.

कोठीपासून त्या पेटीपर्यंत दहा चौ. मिमीची आर्मर्ड केबल जमिनीखालून नेली. पेटीत मुख्य खटका, 30 मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी, एक मोटारीसाठी, एक बाकीच्यासाठी, आणि त्यापुढे मोटार, गॅरेजचा दिवा, खोल्यांचे दिवे-पंखे व हीटरचे सॉकेट यांच्या चार वेगळ्या वाहिन्या. शेजारी मीठ-कोळशाचा नवा अर्थिंगचा खड्डा. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे लागते, हे मिस्त्रीने माळ्यांना सांगितले. त्यांना ते फार पटले. झाडाला पाणी घालावे तसेच.

खरी कसोटी शेवटच्या दिवशी आली. खोल्यांची वाहिनी नव्या आरसीसीबीवर घेताच तो पडू लागला. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तिळमात्र फरक पडला तर तो पडतो. त्याचे कामच ते. संध्याकाळ झाली होती, खोल्यांत अंधार, नात दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी मेणबत्ती लावून बसलेली. मिस्त्री हात पुशीत आला. "साहब, फ़िलहाल इसको डायरेक्ट कर दें?" मला जानेवारी 2023 ची ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. तोच अंधार, तोच उपकाराचा सूर, आणि "हो" म्हणण्याची माझी तीच इच्छा. मी नातीला आमच्या दिवाणखान्यात अभ्यासाला बसवले आणि मिस्त्रीला म्हणालो, दोष सापडेपर्यंत थांबू. रात्री साडेनऊला सापडला. एका पंख्याची न्यूट्रल तार कधी काळी कोणीतरी अर्थिंगच्या तारेला बांधून टाकली होती. पंखा वर्षानुवर्षे चालत होता. त्या तारेला जोडलेल्या इस्त्रीच्या पत्र्याचा अधूनमधून "झटका" बसतो, असे त्या घरात सगळेच जाणत होते. त्याची तक्रार कोणी केली नव्हती, कारण तक्रार केली की वीज जाते असा त्यांचा अनुभव.

नातीने वहीच्या कागदावर चार खटक्यांची नावे हिंदीत लिहून चिकटपट्टीने लावली. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते मधूनमधून दाबून पाहावे, असे अभियंत्यांनी सांगितल्यावर माळ्यांच्या पत्नीने ते काम स्वतःकडे घेतले. महिन्याच्या एक तारखेला, देवाला दिवा लावण्याआधी.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी मोटार काढायला गेलो तर बॅटरी पाऊणही भरलेली नव्हती. रात्री वीज फार कडाडली, म्हणून त्यांनी मोटारीचा खटका पाडून ठेवला होता. मला विचारले नव्हते. मी त्या दिवशी कार्यालयाची जीप मागवली.