चार इंचांचा प्रश्न

सध्या लेकीकडे न्यू जर्सीत आहे. इथे बाहेरच्या खोलीत गेले आठ दिवस एक कागदी पियानो पडलाय! जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून, ग्रँड पियानोच्या आकारात कापून मीच तो जमिनीवर अंथरलाय. नात तेरा वर्षांची. सात वर्षं उभ्या पियानोवर शिकली, आता तिच्या बाई म्हणतात ग्रँड हवा.

मला आधी वाटलं, ही मिरवायची हौस. चांगल्या उंच उभ्या पियानोतल्या खर्जाच्या तारा छोट्या ग्रँडपेक्षा लांबसुद्धा असू शकतात, मग ग्रँड कशाला? नातीनं दुकानात दोन्हींवर एकच पट्टी भराभर वाजवून दाखवली. उभ्यात हातोडी आडवी जाऊन तारेवर आपटते. ग्रँडमध्ये ती खालून वर उडते आणि स्वतःच्या वजनानं परत येते. शिवाय एरार यांनी १८२१ साली पेटंट घेतलेल्या एका युक्तीमुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आतच तोच सूर पुन्हा वाजतो. उभ्यावर अडखळणारी तिची बोटं इथे सरळ धावली. माझी तक्रार संपली.

पण कोणता घ्यायचा? यामाहाचा जीबी१के १५१ सेंटिमीटर लांब, कावाईचा जीएल-१० १५३, आणि यामाहाचाच सी१एक्स १६१. दोन टोकांत फरक दहा सेंटिमीटरचा, म्हणजे चार इंच. वीतभरसुद्धा नाही! किमतीत मात्र बरंच अंतर.

मी पाठ करून बसले आणि नातीला म्हटलं, मधल्या सप्तकात वाजव. माझ्या कानाला तिघेही गोड. मग म्हटलं, अगदी डावीकडे जा. तिथे फरक कळला. तार आखूड असली की खर्ज मिळवायला ती तांबं गुंडाळून जाड करावी लागते. जाड तार ताठ, मग तिच्यातले वरचे स्वर किंचित चढे निघतात आणि खर्ज घोगरा वाटतो. लांब पियानोत तोच सूर स्वच्छ उभा राहिला. (डोळे दगा देताहेत, कान अजून शाबूत आहेत.)

जावई म्हणाले, "आई, आत्ता लहान घेऊ, पुढे बदलता येईल."

हे वाक्य मी १९६२ साली ऐकलंय. अण्णांनी मला सिंगल रीडची पेटी आणली होती. डबल पुढे घेऊ म्हणाले. पुढे धाकट्यांची शिक्षणं आली, बहिणीचं लग्न आलं. अण्णांना दोष नाही, पण माझा हात पेटीवरून कधी सुटला ते मलाही आठवत नाही.

जावयांना एवढंच सांगितलं की वरचे पैसे माझ्या ठेवीतून. ते बरेच संकोचले. मग अडचण निघाली जागेची. सी१एक्सचा कागद थेट हीटरच्या जाळीपर्यंत जातो, आणि थंडीतली ती कोरडी गरम हवा पियानोच्या लाकडाला वाईट. कागद फिरवून पाहिला तर सोफा आड येतो.

काल रात्री धडधड ऐकून उठले. जावई आणि नात मिळून सोफा तळघरात उतरवत होते.