फळांचा पेला

'स्मूदी' हा शब्द आमच्या घरात आला तो नातवंडांच्या तोंडून. मराठीत तो अजून पुरता रुळलेला नाही. परंतु ज्या वस्तूचे ते नाव आहे, ती वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. पिकलेले केळे कुस्करून त्यात दूध-साखर कालवली की शिकरण होते. आंबा पिळून घोटला की आमरस होतो. या दोन्ही पदार्थांत फळाचा गर गाळून टाकलेला नसतो. तो सगळाच्या सगळा वाटीत उतरतो. स्मूदीचे मर्मही तेच आहे. सरबतात फळाचा रस तेवढा असतो, मिल्कशेकमध्ये दुधाला फळाची चव दिलेली असते. स्मूदीत मात्र फळ हेच मुख्य, आणि दूध, दही वा पाणी हे केवळ ते पेल्यात ओतता यावे एवढ्यापुरते.

फरक पडला तो यंत्रामुळे. अमेरिकेत १९३७ साली फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदप्रमुखाने आपल्या नावाच्या बळावर फळे घुसळण्याचे विजेचे यंत्र लोकांपुढे आणले. आपल्याकडे पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला आणि चटणी, वाटण यांच्याबरोबर फळेही त्याच्या भांड्यात पडू लागली. तेव्हापासून या पेयाची ख्याती आहे ती घाईच्या माणसांचे पेय म्हणून. सकाळची लोकल गाठायची आहे, न्याहारीला बसायला वेळ नाही, तेव्हा पेला उभ्याउभ्या रिकामा करावा आणि निघावे! आमच्या घरात मात्र हाच पेला सर्वांत सावकाश संपणारा ठरला. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमची आई वसईच्या वाडीत जन्मली आणि वाडीतच म्हातारी झाली. विहीर, पाट, केळीचे आळे आणि फुलांची टोपली हेच तिचे विश्व. लग्नानंतर कित्येक वर्षे तिने पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन वाडीतला माल दारोदार विकला. केळ्याची फणी हातात घेताच ती किती दिवसांनी पिकेल, हे ती सांगत असे. अशा आईला २०१८ च्या पावसाळ्यात, वयाच्या ८३ व्या वर्षी, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा जवळजवळ गेली; आणि जे आम्हां चौघा भावंडांना सर्वांत असह्य वाटले ते हे, की तिला पाणीसुद्धा गिळता येईना. घोट घेतला की ठसका लागे, डोळे पाण्याने भरत आणि ती तोंड फिरवून घेई.

गिळणे ही किती नाजूक क्रिया आहे, हे आम्हांला तेव्हा प्रथम कळले. घास घशाशी येताच श्वासनलिकेचे दार क्षणभर मिटते आणि अन्न बाजूच्या अन्ननलिकेत उतरते. झटक्यानंतर हे दार मिटायला उशीर होऊ लागला, तर पाण्यासारखा पातळ पदार्थ त्याच्या आधीच खाली धावतो आणि फुप्फुसाकडे जातो. त्यातून न्यूमोनियाचे भय असते. दाट पदार्थ सावकाश सरकतो आणि त्या दुबळ्या दाराला मिटायला अवसर देतो. गिळण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी आईची तपासणी करून आम्हांला चमच्याची परीक्षा शिकवली. पेय चमच्यात घेऊन चमचा तिरपा करावा. ते धार लावून वाहू नये, जाडसर थेंबांनी हळूहळू सुटावे. ही मात्रा आईपुरती होती. प्रत्येक रुग्णाचा दाटपणा वेगळा असतो आणि तो जाणकारानेच ठरवायचा असतो, हे येथे मुद्दाम नोंदवतो. पेय दाट करणारी पूड बाजारात मिळते, तीही आम्ही वापरली. पण पुडीला चव नसते. बाईंनीच सुचवले की फळांचा गर एकजीव करून पाहा. त्या दिवसापासून आमचा मिक्सर चटणीतून मोकळा झाला.

पहिला मान अर्थातच वेलची केळ्याचा. हे चिमुकले, पातळ सालीचे आणि गोड वासाचे केळे आमच्याकडे विहिरीमागे अद्याप काही बेटांत उभे आहे. पूर्ण पिकलेली तीन केळी आणि अर्धा पेला उकळून गार केलेले दूध एवढ्यावर पेय जमते. भांड्यात आधी दूध घालावे आणि मग फळ. म्हणजे पाते रिकामे फिरत नाही आणि गुठळी राहत नाही. फिरवल्यावर वर जो फेस येतो, तो पाच मिनिटे बसू द्यावा. फेस असताना पेय दाट भासते, तो विरला की खरा दाटपणा समजतो. बर्फ आम्ही कधी घातला नाही. घरच्यांसाठी तो चालेल. पण बर्फ वितळला की पेय पातळ होते, आणि आईसाठी पातळ म्हणजे धोका. याच कारणाने आईस्क्रीमही वर्ज्य होते, कारण तोंडात जाताच त्याचे पाणी होते.

पपईने आम्हांला आणखी एक धडा दिला. दुधात घोटलेली पपई लगेच घेतली तर गोड लागते. तासभर ठेवली की कडवट होते. पपईत पपेन नावाचे पाचक द्रव्य असते, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करू लागते आणि त्या तुकड्यांना कडू चव असते. अननसातही तशाच जातीचे द्रव्य आहे. अननसाच्या फोडी आधी शिजवून घेतल्या तर ते निकामी होते. म्हणून आम्ही पपई दुधावाचून, नुसतीच घोटून, वर दोन थेंब लिंबू पिळून देऊ लागलो. चिकू आमच्या पालघर जिल्ह्याचाच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची साल आणि काळी बी काढली की तो दुधात लोण्यासारखा विरघळतो. पेरूच्या बिया मात्र कोणत्याही पात्याला दाद देत नाहीत. तो शिजवून चाळणीतून घासून काढावा लागे. रायवळ आंब्याच्या रेषाही गाळाव्या लागत. हापूसला तो उपद्व्याप नाही. कलिंगड फिरवले की त्याचे पाणीच होते, म्हणून ते एकट्याने कधी दिले नाही.

एवढे करूनही पेला तयार व्हायला पाच-सात मिनिटे पुरत. पाते तर मिनिटभरच फिरे. खरे काम त्यानंतरचे होते. आईला खुर्चीत ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली आणायची, चमचा अर्धाच भरायचा, तो तोंडाच्या धड बाजूने द्यायचा, घोट उतरल्याची खूण गळ्यापाशी पाहायची, आणि मगच दुसरा चमचा. पेला संपायला पाऊण तास लागे. त्यानंतरही अर्धा तास तिला आडवे करायचे नाही. मोबाईल पाहत हे काम होत नाही, गप्पा मारतही होत नाही. कारण घास तोंडात असताना तिने बोलू पाहिले तर ठसका ठरलेला. चौघांनी पाळ्या लावून घेतल्या. आमच्यातला एक निवृत्त झालेला होता, एक कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाई, धाकटी बहीण शनिवार-रविवार मीरा रोडहून येई, आणि थोरल्या वहिनी तर सर्वांच्या पाळ्या भरून काढीत. लहानपणी आईने एकेका घासासाठी आमच्यामागे अंगणभर केलेली धावपळ आम्हांला आठवे. तिला त्याची घाई झालेली कधी पाहिली नव्हती.

तिच्या जिभेची ओळख मात्र शाबूत होती. एकदा वेलची केळी संपली म्हणून बाजारातली लांब, पिवळीधमक केळी आणली. दिसायला देखणी, पण आतून अर्धकच्ची. पहिल्याच चमच्याला आईने ओठ मिटले आणि डाव्या हाताने वाटी दूर सारली. झटक्यानंतर इतके स्पष्ट 'नाही' तिने प्रथमच म्हटले होते. आम्हांला हसू आले आणि रडूही. त्या वाटीसाठी आमच्यातला एक जण सायकल काढून निर्मळपर्यंत वेलची शोधत गेला.

आणि मग सुकेळ्याची गोष्ट. राजेळी हे आमच्याकडचे मोठे, घट्ट गराचे केळे. ते पिकवून, सोलून, उन्हात वाळवून त्याची सुकेळी करतात आणि वाळक्या पानांत गुंडाळून बांधतात. पावसाळा सरला की आमच्या अंगणात ही वाळवण मांडलेली असे आणि कावळे हाकण्याचे काम आम्हां मुलांकडे. आता हे काम करणारे हात थोडेच उरले आहेत. कितीतरी वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात एका नातलगाने सुकेळ्यांचा पुडा पाठवला. चावण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनींनी दोन सुकेळी कोमट दुधात भिजवली, चांगली मऊ झाल्यावर घोटली, चाळणीतून घासली, आणि चमच्याची परीक्षा घेऊन आईपुढे धरली. साखरेचा कणही नव्हता. आईने घोट गिळला. मग डावा हात वर उचलून बोटांनी हवेतच काहीतरी गुंडाळले आणि गाठ मारल्यासारखे केले. कोणी काही बोलले नाही. ती पाऊण तासाची वाटी त्या दिवशी तासभर चालली.

हे सारे वाचून कोणी फळांचा पेला हे सर्वांवरचे औषध समजू नये, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलणे अवश्य आहे. फळ चावून खाल्ले की एका केळ्यात मन भरते. तेच घोटून प्यायले की तीन केळी केव्हा पोटात गेली ते कळत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गर आणि चोथा राहतो म्हणून असे पेय गाळलेल्या रसापेक्षा बरे; पण दात धड असणाऱ्याने अख्खे फळ खाणे त्याहून बरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ज्या साखरा मर्यादेत ठेवण्यास सांगितले, त्यांत मध आणि फळांच्या रसातील साखरही धरली आहे. तेव्हा वरून मध घातला म्हणून पेला सात्त्विक होत नाही. आणखी एक नवल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना असे आढळले, की केळे घातलेल्या स्मूदीतून फ्लॅव्हॅनॉल नावाचे हितकर द्रव्य शरीरात फारच थोडे पोहोचते. तुलनेसाठी दिलेल्या कुपीच्या मानाने ८४ टक्क्यांनी कमी. चिरलेले केळे ज्या द्रव्यामुळे काळे पडते, त्याचाच हा परिणाम. द्राक्षे, सफरचंद, बेरी यांचे हे द्रव्य हवे असेल त्याने त्यांच्या पेल्यात केळे घालू नये. आमच्या आईला फ्लॅव्हॅनॉलपेक्षा केळ्याची गरज अधिक होती.

आई त्यानंतर सव्वा वर्ष जगली. या काळात तिला नळीने अन्न देण्याची वेळ आली नाही, याचे श्रेय उपचार करणाऱ्या बाईंना आणि काही अंशी त्या पेल्याला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांसाठी कम्युनियन घेऊन येत, तेव्हा ओस्तीचा लहानसा कण तिला देत आणि पाण्याऐवजी आम्ही एक चमचा केळ्याचा गर पुढे करीत असू. शेवटच्या आठवड्यात पेला पाच चमच्यांवर आला, मग दोनांवर. डॉक्टरांनी सांगितले, आता आग्रह करू नका. ते ऐकणे जड गेले. पण तिच्या गतीने चालायचे हे आम्ही वर्षभर शिकत होतो, आणि ही तिची अखेरची गती होती. तेव्हा आम्ही चमचा खाली ठेवला आणि ओल्या कापसाने तिचे ओठ तेवढे टिपत राहिलो.

आज घरोघरी म्हातारी माणसे आहेत. दात गेलेले आहेत, भूक मंदावलेली आहे, 'मला काही नको' हे पालुपद आहे. त्यांच्यासाठी मिक्सर जरूर फिरवावा; वाडीतले, ओळखीचे, पूर्ण पिकलेले फळ घ्यावे, साखर टाळावी, ठसका लागत असेल तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि पेला त्यांच्या उशाशी ठेवून निघून जाऊ नये. एक खुर्ची ओढून जवळ बसावे. केळे कोठून आणले, ते सांगावे. ते नक्कीच म्हणतील, की आमच्या वेळची केळी निराळी होती.