कोऱ्या वहीचा अभिमान

आमच्या वृद्धाश्रमातली अपघाताची वही महिनोन्महिने कोरी असायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. विश्वस्तांच्या बैठकीत मी ती उघडून दाखवायचे. माझ्या देखरेखीखाली इथे कुणी पडत नाही, असा त्या कोऱ्या पानांचा अर्थ मी लावला होता.

पडण्याबद्दल माझी दोन मतं होती. म्हातारपणी माणूस पडायचाच. पिकलं पान आहे, किती जपणार? हे एक. आणि दुसरं असं की कुणी पडलंच, तर त्या पाळीच्या मावशीचं लक्ष नव्हतं. ही दोन मतं एकत्र नांदू शकत नाहीत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पडणं अटळ आहे असंही मी मानत होते आणि त्याबद्दल शिक्षाही देत होते. अर्ध्या दिवसाचा पगार कापणं, चारचौघांत बोलणं, लेखी खुलासा मागणं, हे सगळं मी शिस्त म्हणून केलं. तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या घरी अर्ध्या दिवसाचा पगार गेला की काय होत असेल, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

मग एक आजी पडल्या. निवृत्त शिक्षिका, मधुमेहाच्या रुग्ण, बोलायला अगदी खणखणीत. पहाटे संडासला जाताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना रुग्णालयात नेल्यावर मी रात्रपाळीच्या मावशींना ऑफिसात बोलावलं, कागद पुढे केला आणि खुलासा लिहायला सांगितलं. त्यांना नीट लिहिता येत नव्हतं. “मी सांगते, तुम्हीच लिहा,” म्हणाल्या. म्हणून पेन माझ्या हातात आलं. ते आलं नसतं तर मी तो कागद न वाचताच फाइलला लावला असता.

त्या सांगत गेल्या. आजी हल्ली पलंगावरून उठताना आधी स्टुलाची कड धरायच्या. उभ्या राहिल्यावर लगेच पाऊल टाकत नसत, डोळे मिटून थांबायच्या. झोपेची गोळी बदलल्यापासून पहाटे त्यांना धड जाग यायची नाही, पाय ओढत चालायच्या. संडासाच्या वाटेवरचा दिवा गेलेला होता. आणि आधी एकदा पलंगाजवळ घसरून त्या खाली बसल्याही होत्या. लागलं नव्हतं, मावशींनी उठवून निजवलं, कुणाला कळू दिलं नाही.

मी लिहायची थांबले. एवढं सगळं माहीत होतं, तर सांगितलं का नाही?

“ताई, सांगितलं असतं तर तुम्ही मलाच म्हणाला असता, तू कुठे होतीस?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला तर भिजायला होतं, इतक्या साधेपणाने त्या बोलल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी नेमकं तेच म्हणाले असते. त्याआधी एका मामांनी एक आजोबा बाथरूममध्ये घसरल्याचं आपणहून येऊन सांगितलं होतं आणि मी त्यांचे पैसे कापले होते. मी ते विसरूनही गेले होते. बाकी कुणीच विसरलं नव्हतं. वही कोरी होती ती त्या दिवसापासून.

नंतर मी एकेकाला विचारत गेले, या वेळी हातात कागद न घेता. स्वयंपाकघरातल्या बाईंना ठाऊक होतं की रात्री उठायला लागू नये म्हणून आजींनी संध्याकाळचा चहा आणि पाणीही कमी केलं होतं. झाडलोट करणाऱ्या बाईंनी त्यांच्या सपातेचा सुटलेला पट्टा पाहिला होता. त्या पडणार हे तुकड्यातुकड्याने अख्ख्या आश्रमाला कळत होतं. हे तुकडे जिथे एकत्र यायला हवे होते, तिथे मी बसले होते.

त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टरांकडून शिकले, ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्टीच्या पुढच्या शंभरातली 28 ते 35 माणसं दरवर्षी पडतात, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण आणखी वाढतं. पण वय हे एकटं कारण क्वचितच असतं. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, मधुमेहाने बधिर झालेले तळपाय, मोतीबिंदू, लघवीची घाई, ओली फरशी, उंबरठा, यातली दोन-तीन एकत्र आली की माणूस पडतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. आमच्याकडे रक्तदाब रोज मोजला जायचा, पण तो बसवून. आडवं असताना एकदा आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला आणि वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर उठताना चक्कर येण्याचं कारण तिथेच सापडतं. आजी डोळे मिटून का थांबायच्या, हे त्यांना उभं करून मोजलं असतं तर कदाचित कळलं असतं.

लपवलेल्या पडण्याची खरी भीती मला डॉक्टरांनी दाखवली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं, तर मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी दिवसांनी, आठवड्यांनी लक्षात येतो. तोवर ‘आजोबा हल्ली झोपाळू झालेत’ एवढंच दिसतं. पडल्याचं कुणी बोललंच नसेल, तर त्या झोपेचं कारण डॉक्टर शोधणार कुठे?

आणखी एक समजूत सुटायला जास्त वेळ लागला. पडू नये म्हणून बसवून ठेवावं, पलंगाचे कठडे वर करून ठेवावेत, यालाच मी काळजी म्हणत होते. पण गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला जातो आणि अधिक उंचीवरून पडतो. बसवून ठेवलेल्याच्या पायातली ताकद जाते आणि तो पुढच्या वेळी आणखी सहज पडतो. माझ्या भीतीपायी मी काही माणसांचं चालणं कमी केलं. ते त्यांना परत देता आलेलं नाही.

आता पाळी बदलताना आम्ही एकच गोष्ट विचारतो: आज कुणाचं काय वेगळं दिसलं? कुणी भिंत धरून चाललं, कुणी जेवायला यायचं टाळलं, कुणाचा तोल गेला पण सावरला, हे सगळं वहीत जातं. सांगणाऱ्याचा पगार कापला जात नाही. साहजिकच वही भरू लागली, आणि एका विश्वस्तांनी विचारलं की तुमच्याकडे पडण्याचं प्रमाण एवढं वाढलं कसं? मी त्यांना सांगितलं, पूर्वीही माणसं पडत होती, मला कळत नव्हतं. त्यांना ते पूर्ण पटलं असं वाटत नाही. पुढच्या बैठकीतही मी तीच भरलेली वही घेऊन गेले.

आई-वडिलांना आश्रमात ठेवायला येणाऱ्यांशी मला एक बोलायचं आहे. ‘गेल्या वर्षभरात पडल्या होत्या का?’ या प्रश्नाला बहुतेक घरं ‘नाही’ म्हणतात. जागा मिळणार नाही ही भीती असते, आणि ती अगदीच खोटी नाही. आमच्यासारख्यांनीच ती निर्माण केली आहे. पण आधी एकदा पडणं ही पुन्हा पडण्याची सर्वांत मोठी खूण आहे. म्हणून सांगा: कुठे पडल्या, किती वाजता, तेव्हा कोणती गोळी चालू होती. आणि पुढे कधी आश्रमातून फोन आला की आई पडल्या, तर ‘ड्यूटीवर कोण होतं?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. फोन करणारी मावशी पुढच्या वेळीही फोन करील.