अनशापोटी

अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, ही व्युत्पत्ती मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आले आहे. मुले ती निमूटपणे वहीत उतरवून घेतात. आणि उतरवून घेताना त्यांच्या हातून जे अक्षर पडते ते पाहिले, की व्युत्पत्तीवरचा आपलाच विश्वास डळमळू लागतो. आम्ही साहित्याची माणसे 'अक्षरवाङ्मय' हा शब्द फार सैल हाताने वापरतो. पण वाङ्मय क्षणभर बाजूला सारून नुसत्या अक्षराकडे पाहावे, 'क'ची गाठ कुठे वळते, 'ळ'च्या दोन वाट्या सारख्या का नसतात, याची चौकशी करावी, हे आमच्या अभ्यासक्रमात बसत नाही. तो धंदा दुसऱ्याच लोकांचा. त्या लोकांपैकी एक मुलगी चार वर्षे माझ्या घरी राहून गेली.

ती माझी भाची. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेली. बारावी झाल्यावर तिने उपयोजित कलेच्या पदवीसाठी मुंबईला येण्याचा हट्ट धरला, तेव्हा आमचे मेहुणे चिंतेत पडले. "चित्रं काढून पोट भरतं का हो?" असे त्यांनी मला फोनवर विचारले. मी त्यांना इतिहास सांगितला. शिक्षकाजवळ दुसरे असते काय? म्हटले, ज्या १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले त्याच साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टही निघाले. तिथे १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. तेव्हा हे खूळ कालचे नव्हे. मेहुण्यांचे समाधान झाले नाही. पण सनावळीपुढे माणूस गप्प बसतो, हा माझा वर्गातला अनुभव तिथेही खरा ठरला.

पहिले वर्षभर आमच्या दोन खोल्यांच्या घरात कागदच कागद झाले. जेवायला बसायचे तर आधी कुणाचे तरी पोस्टर उचलावे लागे. महिनाभर ती बोरूने नुसत्या रेघा ओढत होती. उभ्या, आडव्या, तिरप्या. माझी आई, म्हणजे तिची आजी, पलंगावर बसून हे पाहत असे. एक दिवस ती मला हळूच म्हणाली, "एवढी फी भरली ती रेघांची?"

पण खरी अडचण रेघांची नव्हती. वर्गात ॲसेंडर, एक्स-हाइट, कर्निंग असे शब्द सुरू झाले, की ही मुलगी मान खाली घाली. रोमन अक्षराच्या शरीरातल्या प्रत्येक हाडाला नाव आहे आणि आपल्या अक्षराला काहीच नाही, असे तिला वाटू लागले होते. त्यातून मग तिने एक तोड काढली: सजावट. बोलता येत नाही तर डोळे दिपवायचे! 'पाणी वाचवा' या विषयावर तिने एक पोस्टर केले. प्रत्येक मात्रेतून थेंब गळत होता, वेलांटीचा झरा झाला होता, उकारात मासे पोहत होते. तिच्या सरांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सुंदर आहे. आता वाचायचं कसं?" त्या रात्री ती जेवली नाही.

मी तिला शिकवू शकेन असे माझ्याजवळ फार थोडे होते. पण एकदा र. कृ. जोशींचे नाव निघाले आणि मोठी गंमत झाली. मला ते ठाऊक होते कवी म्हणून. तिला ठाऊक होते ते संगणकावरच्या 'मंगल' या टंकाचे कर्ते, पवईच्या आय. आय. टी.त शिकवणारे सुलेखनकार म्हणून. एकाच माणसाच्या घरात आम्ही दोघी दोन दारांनी शिरलो होतो! त्या दिवसापासून आमचे बोलणे सुरू झाले. मी तिला 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द दिले. एका रफाराच्या फरकाने विद्वानांची पंगत स्वयंपाकघरात जाऊन बसते, हे सांगितले. तिने लगेच संगणकावरच्या सगळ्या टंकांतून ते दोन शब्द काढून पाहिले. एकदोन टंकांनी 'ऱ्य'चे तुकडे केले होते. "मावशी," ती म्हणाली, "म्हणजे हे काढणाऱ्याला मराठी आलंच पाहिजे!" त्या वाक्यानंतर तिची मान वर झाली, असे मला वाटते.

चौथ्या वर्षी शेवटचे मोठे काम करायचे असते. तिने एका संगीत महोत्सवाचा विषय घेतला होता. पत्रिका, तिकिटे, कमानी, सगळे झगमगीत. आषाढ चालू होता. एके रात्री आई न्हाणीघराच्या दाराशी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रात्रभर इस्पितळात ठेवून घेतले. रक्तदाबाची सकाळची गोळी तिने रात्रीही घेतली होती. दोन्ही गोळ्यांची पाकिटे चंदेरी, दोन्हींवर इंग्रजी नावे मुंगीएवढी. त्यातून दुकानदाराने कात्रीने चार-चार गोळ्या कापून दिलेल्या. नाव अर्धे त्याच्याकडे राहिलेले, अर्धे आमच्याकडे. "मला वाचता येतं गं," आई खाटेवर पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा सांगत होती. "चौथी पास आहे मी. पण हे वाचायचं कसं?"

सरांनी विचारलेला प्रश्न आता आजीने विचारला होता. भाचीने घरी येऊन ती दोन पाकिटे दिव्याखाली ठेवली आणि बराच वेळ नुसती पाहत बसली. दुसऱ्या दिवशी तिने महोत्सव सोडून दिला आणि औषधाच्या दुकानातून मिळते ती साधी कागदी पुडी करायला घेतली.

पुडी करायला काय लागते, असे कुणालाही वाटेल. मलाही ते तिच्याकडून कळत गेले. आधी तिने चित्रे काढली: सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर. आईने सूर्य पाहून विचारले, "उगवतोय की मावळतोय?" आणि कोर पाहून, "आज चतुर्थी का?" चित्रे रद्द झाली. मग रंग आले. ते रात्रीच्या मंद दिव्यात एकमेकांत मिसळले. मग नुसते शब्द उरले, आणि शब्दांनीही तिला छळले. बारीक अक्षरात 'खाण्याआधी'तला 'ख' फुटून 'रव' दिसे. 'दुपार'चा उकार खालच्या ओळीत पाय सोडी. आपली अक्षरे शिरोरेघेला टांगलेली. वर मात्रा, खाली उकार. रोमनच्या मापाने ओळी बसवल्या की त्यांचा श्वास कोंडतो.

तोड सापडली ती आजीच्या पोथीत. आईची जुनी पोथी देवघरात असते. आडवे लांब पान, ठसठशीत अक्षर, दोन ओळींत ऐसपैस जागा. जमिनीवर ठेवून समईच्या उजेडात वाचायची वस्तू ती. करणाऱ्याने वाचणाऱ्याचे डोळे आणि दिवा दोन्ही धरले होते. भाची पट्टी घेऊन ते पान मोजत बसली. १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी आणि त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरणारे राणू रावजी आरू यांच्याविषयी ती मला सांगू लागली, तेव्हा आमच्या घरात विद्यार्थिनी कोण, हा प्रश्नच होता.

शब्दांचे काम माझ्याकडे आले. मी 'जेवणापूर्वी' असे लिहून दिले. आई म्हणाली, "किती पूर्वी? मी बाराला जेवते. आठला घेतली तर चालेल?" मग तिनेच सुचवले, "सरळ अनशापोटी लिही की." काय सुरेख शब्द! मी हरखून गेले. एवढा नेमका अर्थ एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कशात आहे? पण भाची पुडी घेऊन शेजारी गेली आणि परत येऊन म्हणाली, "मावशी, शेजारच्या वहिनींना तो शब्द माहीत नाही." मी शब्दाची बाजू घेऊन भांडले. तिने ऐकून घेतले आणि शांतपणे 'काही खाण्याआधी' असे लिहिले. पाणी पोस्टरमधले मासे जिला सोडवत नव्हते, तिने माझ्या डोळ्यांदेखत त्याहून देखणी गोष्ट सोडून दिली. तिची वाढ मला दिसली ती तिथे.

शेवटी पुडीवर राहिले ते एवढेच: वर मोठ्या काळ्या अक्षरात 'सकाळ', 'दुपार' किंवा 'रात्र', खाली गोळ्यांचा आकडा, त्याखाली एक ओळ. आणि आमच्या भांडी घासणाऱ्या बाईंना अक्षरओळख नाही म्हणून कोपऱ्यात एक चित्र: चहाचा कप, जेवणाचे ताट, अंथरूण. परीक्षकांपैकी एकाने पुडी उलटसुलट करून विचारले, "यात तुमचं काम कुठलं?" तिने उत्तर दिले, "यातून काढून टाकलं ते." गुण बरे मिळाले, पहिला नंबर मात्र एका झगमगीत कामाला गेला. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शंभर पुड्या हौसेने वापरल्या. त्या संपल्यावर खर्चाचे कारण सांगून तो पुन्हा बॉलपेनकडे वळला. पण आता तो मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहितो.

भाची पुण्याला नोकरीला लागली. तिच्या हाताखालून रोज काय काय जाते, त्यातले पुष्कळसे मला कळत नाही. मी मात्र निबंध तपासताना फुलोऱ्यांनी भरलेले पान आले, की समासात आता 'वा!' किंवा 'पाल्हाळ' असे लिहीत नाही. 'हे कोण वाचणार?' एवढेच लिहिते. काही मुले रागावतात. एखादी मुलगी वही घेऊन विचारायला येते, तिच्यासाठी मी तास संपल्यावर थांबते.

आईच्या त्या तीन पुड्या कडेने फाटल्या आहेत. पण नव्या घ्यायला ती तयार नाही. रोज सकाळी चष्मा लावून ती पहिली पुडी हातात धरते आणि मोठ्याने वाचते. "सकाळ. एक. काही खाण्याआधी." चाल पोथीचीच असते. आणि गोळी तोंडात टाकण्यापूर्वी माझ्याकडे पाहून, जणू माझ्याचसाठी, ती पुटपुटते: "म्हणजे अनशापोटी."