व्हीलचेअरचे वजन नेमके कुठे जाणवते?

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीचे स्वावलंबन मोजण्यासाठी 'फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर' ही १८ बाबींची मोजपट्टी वापरतात. प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण. हिंडण्याफिरण्याच्या बाबीत व्हीलचेअरवर कितीही सफाईने वावरणाऱ्याला ६ गुणच मिळतात. सातवा गुण पायांसाठी राखीव. पण खरी दरी ६ आणि ५ यांच्यात आहे. ५ म्हणजे जवळ दुसरे कोणीतरी हवेच.

चेन्नईच्या आयआयटी मद्रासने जुलै २०२५ मध्ये सादर केलेली 'वायडी वन' ही व्हीलचेअर या दरीच्या संदर्भात पाहावी. प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रात विकसित झालेल्या या खुर्चीचे वजन अवघे ९ किलो. बातम्यांत हलकेपणाचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. मात्र थोडे गणित करावे. १२ फुटांत १ फूट चढणाऱ्या उतारावर ७० किलोंची व्यक्ती १८ किलोंच्या खुर्चीत असेल, तर घर्षण वगळता सुमारे ७.३ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. खुर्ची ९ किलोंची असली, तर ६.६. फरक पाऊण किलोचाही नाही! ढकलताना वजनापेक्षा मागच्या चाकांच्या आसाची जागा महत्त्वाची ठरते. शरीराचा भार मोठ्या चाकांवर आला, की खडबडीत रस्त्यात अडणारी पुढची लहान चाके हलकी होतात. आस फार पुढे घेतला, तर खुर्ची मागे उलटते. म्हणून ती व्यक्तीच्या मापाने बेतावी लागते.

वजन खरे जाणवते मोटारीच्या दाराशी. कमरेखालचे अंग लुळे पडलेली व्यक्ती हातांच्या बळावर चालकाच्या आसनावर सरकते. मग बाहेर राहिलेली खुर्ची एका हाताने उचलून आत घ्यायची. पोटाचे स्नायू साथ देत नसतील, तर दुसरा हात तोल सांभाळण्यात गुंतलेला असतो. तिथे १८ किलो म्हणजे कोणाला तरी हाक मारणे.

याच केंद्राने २०१९ मध्ये 'अराइज' ही स्वतःच्या हातांनी उभे राहता येणारी खुर्ची आणली होती. सतत बसून त्वचेवर पडणारा दाब त्याने हलका होतो. संवेदना गेलेली त्वचा जखमेची वर्दी देत नाही. जवळच्या वेल्लोरमध्ये डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ च्या अपघातानंतर व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया करत असत. खुर्ची चढवायला उतार आहे का, हा प्रश्न त्यांच्या काळीही होता.