नकाशावरील दोन सीमा

उन्हाळी प्रवासासाठी मुलाने नकाशा पसरला. स्वीडनमधील सुंड्सवालहून मोटारीने निघायचे, ओस्टरसुंडचे सरोवर व ओरेचे डोंगर पाहत, सीमा ओलांडून नॉर्वेतील ट्रोंडहाइम गाठायचे. दोन्ही देश शेंगेन करारातील. त्या सीमेची चिंता नव्हती. माझे मन दुसऱ्या सीमेपाशी अडखळले. १०३० साली स्टिकलस्टॅडच्या रणात पडलेल्या संत ओलाव राजाच्या कबरीवर उभारलेले निदारोस कॅथीड्रल १५३७ च्या धर्मसुधारणेपासून ल्यूथरपंथीयांकडे आहे.

"बाबा, ते आता आपले नाही," मुलगा म्हणाला.

मध्ययुगीन यात्रेकरू स्वीडनमधून पायी तेथेच जात. त्यांची श्रद्धा तर आपलीच ना? मी ट्रोंडहाइमपुढे एक दिवस वाढवून लिहिला. मिस्सा शहरातील कॅथलिक कॅथीड्रलमध्ये ऐकेन; गुडघे मात्र निदारोसमध्येही टेकीन.